रात्रपाळी, २ डिसेंबर

तीन वर्षं आधी

भोपाळची गोष्ट बहुतेक वेळा ३ डिसेंबर १९८४च्या पहाटे सुरू होते, कारखान्याच्या भिंतीबाहेर. आत राबणाऱ्यांसाठी ती १९८१च्या डिसेंबरात, नाताळच्या सुमारासच सुरू झाली होती. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात देखभालीचं काम चालू असताना फॉस्जीनच्या पाइपाचा जोड उघडला आणि आतला द्रव एका कामगाराच्या अंगावर उडाला. जीव घाबरून त्याने तोंडावरचा मास्क काढला. कपड्यांवरून तेव्हाही वाफ उठत होती. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये सोडलेला वायू. तो श्वासातून आत गेला तरी काही तास माणूस धडधाकट दिसतो, बोलतो, चालतो. मग फुप्फुसं आतून पाण्याने भरत जातात. हा कामगार रुग्णालयात वारला.

जानेवारी १९८२मध्ये पुन्हा फॉस्जीन सुटलं आणि २४ कामगारांना रुग्णालयात हलवावं लागलं. मे महिन्यात अमेरिकेतल्या मूळ कंपनीचं तपासणी पथक येऊन गेलं. त्याने ६१ धोके नोंदवले, त्यांतले ३० गंभीर. ऑक्टोबरात मिथिल आयसोसायनेटची, म्हणजे एमआयसीची गळती झाली. कामगार संघटनेने शहरात पोस्टर लावली. राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराची त्या मृत कामगाराशी ओळख होती. त्यांनी कारखान्याची माहिती खणून काढली आणि सप्टेंबर १९८२पासून आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात इशाऱ्यामागून इशारा छापला. डिसेंबरात विधानसभेत प्रश्न आला. राज्याचे श्रममंत्री म्हणाले की कारखान्यात २५ कोटी रुपये गुंतले आहेत, तो काही इकडून उचलून तिकडे ठेवण्याजोगा दगड नाही, आणि भोपाळला धोका नाही.

एक मृत्यू, चोवीस आजारी, एक तपासणी अहवाल, एक साप्ताहिक आणि विधानसभेतला एक प्रश्न. पुढच्या दुर्घटनेची सूचना याहून ठळक कशी देता आली असती, हे मला सुचत नाही.

सहा महिने आधी

कारखान्यात ‘सेविन’ नावाचं कीटकनाशक बनत असे. फॉस्जीन आणि मिथिल अमीन यांपासून एमआयसी, आणि एमआयसीपासून सेविन. एमआयसी ३९ अंश सेल्सियसला उकळतं. भोपाळच्या उन्हाळ्यात सावलीतलं तापमानही तिथवर जातं. पाण्याशी गाठ पडली की ते तापतं, तापलं की अधिक वेगाने पाण्याशी भिडतं, आणि ही साखळी एकदा धावू लागली की आवरणं कठीण. म्हणून ते शून्य अंशाच्या आसपास ठेवायचं, असा नियम होता.

जून १९८४मध्ये टाक्या थंड ठेवणारं शीतयंत्र बंद करण्यात आलं. नंतर त्यातला फ्रीऑनही काढून दुसरीकडे वापरला गेला. तापमान वाढलं की वाजणारा इशारा ११ अंशांना लावलेला होता. टाकी आता रोजच त्याहून गरम असणार, म्हणून तोही निकामी. सेविनचा खप घटला होता, कारखाना तोट्यात होता आणि विकायला काढलेला होता. एमआयसी विभागातल्या एका पाळीत पूर्वी १२ ऑपरेटर असत, ते ६ उरले. नियंत्रण कक्षात दोघांच्या जागी एकच माणूस. नव्या ऑपरेटरांचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण काही दिवसांवर आलं. कामाच्या सूचना इंग्रजीत होत्या आणि वाचणाऱ्या अनेकांची भाषा हिंदी.

रोजचीच चुरचुर

इथे घड्याळ थोडं थांबवावं लागेल.

हवेत एमआयसी किती चालेल, याची अमेरिकेत ठरलेली मर्यादा होती आठ तासांच्या पाळीसाठी सरासरी ०.०२ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा कोटी भागांत दोन भाग. माणसाच्या डोळ्यांना आणि नाकाला मात्र हा वायू जाणवायला लागतो तो साधारण २ पीपीएमला. १९६०च्या दशकात स्वयंसेवकांवर झालेल्या चाचण्यांत हे दिसलं होतं: ०.४ पीपीएमला त्यांना काहीच कळलं नाही, २ला वास आला नाही पण डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, २१ पीपीएमला थांबणंच अशक्य झालं. याचा अर्थ असा की ज्या क्षणी कामगाराचे डोळे झोंबले, त्या क्षणी तो मान्य मर्यादेच्या शंभरपट विषात उभा होता. त्याखालचं सगळं विष त्याच्या शरीरात न कळत जाऊ शकत होतं.

कंपनीच्या स्वतःच्या तांत्रिक पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की ही झोंबणारी वाफ माणसांना सावध करण्याचं साधन म्हणून वापरू नये. भोपाळच्या कारखान्यात नेमकं तेच साधन होतं. गळती झाली की ती डोळ्यांनी कळायची. कोणाच्या डोळ्यांना पाणी आलं की चार जण पाइपांखालून फिरायचे, ठिबकणारा जोड शोधायचे, तो आवळायचा, पाण्याने डोळे धुवायचे आणि पुन्हा कामाला लागायचं. तक्रार करून काही होत नव्हतं आणि नोकरी चांगल्या पगाराची होती. दाबमापक, तापमापक यांवर भरवसा उरला नव्हता. काटा वेडावाकडा दिसला तर काटाच बिघडला असं समजण्याची सवय लागली होती. उपकरण बिघडलेलं आणि शरीर सरावलेलं, अशा अवस्थेत तो कारखाना २ डिसेंबरपर्यंत आला.

पुढच्या वेळा चौकशी अहवालांत आणि साक्षींत पाच-दहा मिनिटांनी पुढेमागे होतात. क्रम मात्र पक्का आहे.

रात्री ९.३० — सव्वातीन तास बाकी

रविवार. थंडी. एमआयसीचं उत्पादन ऑक्टोबरातच थांबलेलं, पण ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४२ टन साठा होता. निम्मी जमिनीत पुरलेली, वर काँक्रीटचा थर असलेली पोलादी टाकी. गेले काही आठवडे तिच्यात नायट्रोजनचा दाब धरत नव्हता, म्हणजे कुठलीतरी झडप नीट बसत नव्हती.

दुसऱ्या पाळीतल्या एका ऑपरेटरला काही पाइप आतून धुवायला सांगितलं गेलं. असे पाइप धुताना पाणी पुढे सरकू नये म्हणून जोडात लोखंडी चकती बसवायची असते. कामगार तिला ब्लाइंड म्हणतात. ती बसवणं देखभाल विभागाचं काम, आणि त्या पाळीची देखभाल सुपरवायझरची जागा काही दिवसांपूर्वीच रद्द झाली होती. चकती बसली नाही. ऑपरेटरने पाणी सोडलं. दुसऱ्या टोकाच्या निचऱ्याच्या तोट्यांतून जेवढं यायला हवं तेवढं पाणी बाहेर येईना, म्हणून त्याने ते बंद केलं. चालू ठेव, असा निरोप आला. त्याने चालू ठेवलं.

पाणी टाकीत कसं शिरलं यावर कंपनीने पुढे वेगळंच सांगितलं: एका नाराज कामगाराने मुद्दाम नळी जोडली. तो कामगार कंपनीने कधी न्यायालयात उभा केला नाही. डॉ. वरदराजन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शास्त्रज्ञांनी पाइप धुण्याच्या पाण्याचा मार्ग दाखवला. माझा विश्वास या दुसऱ्या खुलाशावर आहे. पण पहिला खरा धरला तरी शीतयंत्र, इशारा आणि पुढे येणाऱ्या चार-पाच यंत्रणा कोणी नाराज कामगाराने बंद केल्या नव्हत्या.

१०.२० — अडीच तास बाकी

टाकीचा दाब २ पौंड. नेहमीसारखा.

१०.४५ — दोन तास बाकी

पाळी बदलली. पाणी वाहतच होतं. धुणाऱ्याने ते तसंच पुढच्या पाळीवर सोपवलं. रात्रपाळीची माणसं आली, हजेरी झाली.

११.०० — पावणेदोन तास बाकी

नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरने ६१०चा दाब पाहिला. १० पौंड. चाळीस मिनिटांत पाचपट झाला होता. त्याला ते ठाऊक नव्हतं, कारण आधीची नोंद आधीच्या पाळीची, आणि २ ते २५ पौंडांपर्यंतचा दाब नेहमीच्या हद्दीत धरला जाई. एकट्या माणसासमोर इतर कितीतरी काटे होते. तो पुढे गेला.

११.३० — सव्वा तास बाकी

डोळे चुरचुरले. वर, पाइपांच्या जाळ्यात. नेहमीप्रमाणे काही जण शोधायला निघाले आणि या वेळी त्यांना ठिकाणही सापडलं: वायू धुणाऱ्या मनोऱ्याजवळच्या एका पाइपातून मळकट पाणी आणि त्याबरोबर एमआयसी ठिबकत होतं. त्यांनी पाण्याचा फवारा तिकडे लावला आणि कळवलं.

११.४५ — एक तास बाकी

निरोप सुपरवायझरपर्यंत पोचला. त्याचा समज असा झाला की पाण्याची गळती आहे. चहानंतर बघू, असं ठरलं.

गेली चाळीस वर्षं या चहाकडे बोट दाखवलं जातं. पुस्तकांत, माहितीपटांत, व्याख्यानांत ‘त्यांनी चहा घेतला’ हे वाक्य असतंच. मला त्या वाक्याचा राग येतो. ज्या माणसांचे डोळे आठवड्यातून कितीदा तरी झोंबत, ज्यांना कुणी कधी सांगितलं नाही की झोंबणं म्हणजे शंभरपट विष, ज्यांनी मागे ओरड केली तेव्हा कारखाना जागचा हलला नाही, ती माणसं थंडीच्या रात्री आणखी एका चुरचुरीला चहा आधी आणि दुरुस्ती मग, याच क्रमाने घेणार. त्यांना हा क्रम कारखान्यानेच शिकवला होता. ज्याचे डोळे आज पहिल्यांदाच झोंबले असा माणूस तिथे असता, तर तो कदाचित धावला असता. तसा तिथे कुणी नव्हता.

१२.१५ — अर्धा तास बाकी

चहा. जमिनीखाली पाणी आणि एमआयसी एकमेकांत मिसळून तापत होतं. त्या साठ्यात क्लोरोफॉर्मचं प्रमाणही ठरल्यापेक्षा फार जास्त होतं आणि टाकीतलं लोखंड गंजून प्रक्रियेला आणखी वेग देत होतं.

नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरने पुन्हा काटा पाहिला. ३० पौंड. थोड्याच वेळात तो ५५ला, काट्याच्या शेवटच्या रेघेला जाऊन टेकला. टाकीची सुरक्षा झडप ४० पौंडांना उघडण्यासाठी बनवलेली होती. तापमापकाची पट्टी २५ अंशांवर संपत होती आणि काटा तीही ओलांडून गेला होता.

१२.४० — पाच मिनिटं बाकी

ऑपरेटर टाकीकडे धावला. पायाखालचं काँक्रीट तडकत होतं. खालून घरघर ऐकू येत होती आणि वाफेचा झोत वर चढल्याचा सूं-सूं आवाज. त्याने परत येऊन वायू धुणारा मनोरा चालू करण्याची कळ दाबली. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून वायू जावा आणि निष्प्रभ व्हावा, अशी ती रचना होती. उत्पादन बंद म्हणून मनोरा नुसता उभा होता. द्रावण फिरत असल्याचं मापकात काही दिसलं नाही. उरलेला वायू जाळणारी मशाल बंद होती, कारण तिच्याकडे जाणाऱ्या गंजलेल्या पाइपाचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. तिसरी टाकी, ६१९, अशाच वेळेसाठी रिकामी असायला हवी होती. तिच्यातही थोडं एमआयसी होतं, आणि तिकडे साठा वळवावा की नाही हे त्या घाईत कोणाला ठरवता आलं नाही.

१२.४५

वायू सुटला. ३३ मीटर उंचीच्या नळीच्या तोंडातून. अग्निशमन दलाच्या माणसांनी पाण्याचे फवारे वर मारले. पाणी निम्म्या उंचीलाही पोचलं नाही.

आतल्या कामगारांनी हवेची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे पाहिलं आणि वाऱ्याच्या उलट दिशेने धावले. हे शिक्षण त्यांना मिळालेलं होतं आणि त्यातून ते वाचले. सुपरवायझरला त्याचा मास्क सापडला नाही. तो कुंपणाची भिंत चढून पलीकडे पडला आणि त्याचा पाय मोडला. भिंतीपलीकडच्या जयप्रकाश नगरातल्या लोकांना वाऱ्याकडे पाहायचं असतं, ओलं फडकं तोंडावर धरायचं असतं, धावायचं नसतं, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. एमआयसी हवेपेक्षा जड. ते जमिनीलगत, झोपड्यांच्या दारांच्या उंचीने आलं. लोक वाऱ्याबरोबर धावले, म्हणजे ढगाबरोबर.

१.०० च्या सुमारास

भोंगा वाजला आणि काही मिनिटांत बंद झाला. बारीकसारीक गळतीने शहर घाबरू नये म्हणून बाहेरचा भोंगा लवकर थांबवायचा, अशी पद्धत मागेच पडली होती. तो पुन्हा पूर्ण जोराने वाजला दोन वाजल्यानंतर. मधल्या वेळात पोलिसांनी कारखान्यात फोन केले, तेव्हा सगळं ठीक आहे असं उत्तर मिळालं.

रेल्वे स्टेशन ढगाच्या वाटेत होतं. तिथेही माणसं रात्रपाळीला होती, आणि रसायनाशी त्यांच्या कामाचा काही संबंध नव्हता. उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांचा घसा जळू लागला. फलाटावर प्रवाशांनी भरलेली गाडी उभी होती. वरून परवानगी येण्याची वाट न पाहता त्यांनी ती वेळेआधी सोडली आणि दोन्ही बाजूंच्या स्थानकांना भोपाळकडे गाड्या पाठवू नका असं कळवलं. स्वतः रात्रभर फलाटावरच राहिले. स्टेशन अधीक्षक हरीश धुर्वे आणि अनेक रेल्वे कर्मचारी त्या रात्री कामावर असताना मेले. दस्तगीर उरलेलं आयुष्य घशाच्या दुखण्यात काढून २००३ साली गेले. कामाच्या जागी रसायनाने मेलेल्यांची यादी करताना आपण कारखान्याच्या हजेरीपटावर थांबतो. हमाल, तिकीट तपासनीस, रात्रीचा पहारेकरी आणि हमीदिया रुग्णालयात रुग्णांच्या कपड्यांतून येणारा वायू हुंगत काम करणारे डॉक्टर त्या यादीत कुठे धरायचे, हे अजून नीट ठरलेलं नाही.

२.०० नंतर

टाकीचा जोर ओसरला. सुमारे ४० टन वायू गेला होता. हमीदियात हजारो माणसं येत होती आणि त्यांना कशावर औषध द्यायचं हेच डॉक्टरांना कळत नव्हतं. कंपनीकडून सांगितलं जात होतं की हा वायू डोळ्यांना त्रास देतो, जिवावर बेतणारा नाही. वर्षानुवर्षं कामगारांची जी समजूत होती, तीच आता एका शहराला औषध म्हणून दिली जात होती. डोळे धुवा, होईल बरं.

सरकारने आधी सांगितलेला मृतांचा आकडा २,२५९. पुढे मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मानले, आणि वायुपीडितांच्या संघटना कित्येक पटींनी मोठा आकडा सांगतात. वायूची बाधा झालेले सरकारी हिशेबानेच साडेपाच लाखांहून अधिक.

चौदा दिवसांनंतर

शेजारच्या ६११ क्रमांकाच्या टाकीत एमआयसी तसंच होतं. ते संपवायचा एकच खात्रीचा मार्ग निघाला: कारखाना पुन्हा चालू करून त्याचं सेविन बनवायचं. १६ डिसेंबरला डॉ. वरदराजन यांच्या देखरेखीखाली हे काम सुरू झालं. नाव दिलं ‘ऑपरेशन फेथ’. शहर पुन्हा रिकामं झालं. लोक मिळेल त्या गाडीने पळाले. वरून हेलिकॉप्टर पाणी फवारत होती, कुंपणाला ओली कापडं बांधली होती. या वेळी मनोरा चालू होता, मशाल चालू होती, प्रत्येक काट्यावर नजर होती. त्यामुळे काही बिघडलं नाही आणि २२ डिसेंबरला साठा संपला. हे काम ज्यांनी केलं ते त्याच कारखान्याचे ऑपरेटर होते, आणि त्यांची स्वतःची घरं त्याच शहरात होती. काही महिन्यांत कारखाना कायमचा बंद झाला आणि त्यांच्या नोकऱ्या गेल्या. दुसऱ्या कारखान्यात भोपाळच्या कार्बाइडचा माणूस म्हणून उभं राहणं किती अवघड असेल, याचा अंदाज करता येतो.

१९८७ साली कारखाने अधिनियम बदलला. धोकादायक कारखान्यांसाठी नवं प्रकरण घातलं गेलं. त्यातल्या ४१-एच कलमाने कामगाराला आरोग्याला किंवा जिवाला निकट धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क मिळाला, आणि व्यवस्थापनाने तत्काळ उपाय करावा असं बंधन आलं. कारखान्याच्या हवेत कोणतं रसायन किती चालेल, याची अनुसूचीही कायद्याला जोडली गेली.

खटल्याचा निकाल ७ जून २०१०ला लागला. युनियन कार्बाइड इंडियाचे अध्यक्ष, मुंबईचे उद्योगपती केशुब महिंद्र, व्यवस्थापकीय संचालक विजय गोखले आणि इतर पाच हयात आरोपी निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरले. प्रत्येकी दोन वर्षं शिक्षा, आणि त्याच दिवशी जामीन. मूळ अमेरिकन कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन डिसेंबर १९८४मध्ये भोपाळला येऊन, अटक होऊन, काही तासांत जामिनावर सुटून परत गेले होते. ते खटल्याला कधी हजर झाले नाहीत आणि २०१४ साली अमेरिकेत वारले. दोषी ठरलेल्या सात जणांत सर्वांत खालच्या हुद्द्याचा होता तो त्या रात्रीचा एमआयसी विभागाचा सुपरवायझर, भिंतीवरून पडून पाय मोडलेला. त्याला झालेली शिक्षा कंपनीच्या अध्यक्षांएवढीच होती.